कालव्यावर बर्फ

ज्या वर्षी वीजघर बंद झालं
त्या वर्षी कालवा गोठला, पहिल्यांदाच.
एकेचाळीस हिवाळे त्यातून वाफ निघायची,
आम्ही पोरं जानेवारीत पोहायचो
डोक्यावर लोकरी टोप्या घालून,
आणि आई काठावरून ओरडायची, कान झाका!
कोमट पाण्याला सोकावलेले मासे
आता काचेखाली पोटं वर करून होते.

लाउझित्सचं सपाट रान,
त्यात तीन धुराडी.
आई चादरी वाळत घालण्याआधी धुराकडे बघायची:
पूर्वेला कलला तर चादरी पांढऱ्या,
पश्चिमेला कलला तर पुन्हा बादली.
हवामानाचा अंदाज आमच्याकडे तेवढाच.

कोळसा उगाळावा तितका काळा, म्हणतात.
आमचा तपकिरी होता. निम्मं पाणी,
उरलेल्यात माती, मुळं,
कधी एखादा ओंडका, ज्याची साल अजून सोलता यायची.
माझी आई मार्हाता, पट्ट्याशी उभी राहून
आठ तास लोखंड वेचायची:
कुदळीचं पातं, साखळी, कुलूप,
एकदा दाराची कडी.

कडी तिनं ओळखली.

त्या कोळशावर आधी गाव होतं, ब्रेज्कोव,
चौतीस उंबरे आणि एक आखूड मनोऱ्याचं चर्च.
आजोबांना कागद मिळाला,
मग तिसऱ्या मजल्यावर खोली, नळाला गरम पाणी.
ते रडले नाहीत कधी,
नळ सोडून हात धूत राहायचे नुसते.
म्हणायचे, आपलंच घर जाळून शेकतोय आपण.
हे ते सॉर्ब भाषेत म्हणायचे
आणि आई उत्तर द्यायची जर्मनमध्ये.

अठ्ठ्याहत्तर सालचा शेवटचा दिवस.
दुपारी पाऊस, रात्री उणे अठरा.
वाघिणींतला कोळसा दगड झाला.
सैनिक आले, बोटांना चिंध्या गुंडाळून,
कैदीही आणले, त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.
चौथा संच पडला, मग सातवा.
शिफ्टप्रमुख बेनो क्रावत्स तीन दिवस घरी गेला नाही.
नोंदवहीत त्याच्या हातचं: संच दोन चालू आहे.
दर तासाला तेच, बहात्तर वेळा,
शेवटच्या ओळी उताराला लागलेल्या.
वसंतात त्याला पदक मिळालं,
त्याच्या मुलीला दम्याचा पंप.

मग देश बदलला, आम्ही होतो तिथेच.
गाळण्या आल्या, धूर पांढरा झाला,
पाच हजार माणसांची सहाशे झाली.
चादरी आता कोणत्याही दिवशी वाळत घाला,
पण दोरीचं दुसरं टोक धरायला
शेजारीण नव्हती. ती श्टुटगार्टला गेली, मुलाकडे.

शेवटच्या शिफ्टला मी मोजमाप कक्षात.
लोक विचारतात, बटण कुणी दाबलं?
तसं काही बटण नसतं.
कोळसा थांबतो, वाफ उतरते,
टर्बाइन मात्र आपल्याच वजनानं फिरत राहतं,
बराच वेळ, हट्टी म्हाताऱ्यासारखं.
सुई शून्यावर टेकली तेव्हा कुणीतरी कॉफी ओतत होतं.
त्या रात्री कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या नाहीत
आणि त्यामुळेच झोप लागली नाही.

पाडायच्या दिवशी पालिकेनं सॉसेजचा गाडा लावला.
मुलांना कानात घालायला पिवळे बोळे.
बेनो आला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, दाढदुखी.
आई आली, चाकांच्या खुर्चीत,
ऐंशीव्या वर्षी, मांडीवर ती कडी.
धुराडी आधी गुडघ्यात मोडली,
आवाज नंतर पोचला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग का वाजवल्या ते कळेना, थांबले.

धूळ उठली आणि कलली. पश्चिमेला.
आईनं माझी बाही ओढली, काहीतरी म्हणाली,
आजोबांच्या भाषेत, माझ्याशी पहिल्यांदाच.
तो शब्द मला येत नव्हता.
मी तीनदा विचारलं.
तिसऱ्यांदा तिनं बोट दाखवलं, रस्त्यापलीकडे,
कुणाच्या तरी अंगणात दोरीवर
चार चादरी होत्या.