पन्नासात एक

सोहार. रात्रीचे दोन. बाहेर अजून अडतीस डिग्री.
दिलदार परकार, वेल्डर,
टाकीच्या पोटातून थेट स्ट्रेचरवर.
लघवी सुलेमानी चहाच्या रंगाची.
रक्त सुईत काकवीसारखं रेंगाळत आलं.

यंत्र म्हणालं, एन्झाइम नॉर्मल.

पटलं नाही.
इतकं दाटलं होतं ते नळीत
की मोजणी सुरू व्हायच्या आतच
समोरचं सगळं फस्त करून बसलं,
आणि रिकामं ताट बघून
यंत्राने लिहून टाकलं:
इथे कुणाला भूक नाही.

एक भाग त्याचं, एकोणपन्नास सलाईन.
हलवलं. पुन्हा लावलं.
आता आकडा चढायला लागला,
चढतच राहिला,
पन्नासने गुणताना माझाच हात थांबला.

डॉक्टरांना उठवलं.
त्याच्या शिरेत पाणी सोडलं, भराभर,
मोसमाची वाट न बघता.

पडद्यामागे तो फोनवर होता,
"बरा हाय गं मी. झोप तू."

आईचा मिस्ड कॉल माझ्याही मोबाइलवर.
शुक्रवारी करीन.
नेहमीसारखंच सांगीन, सगळं ठीक.

नळीवर त्याचं नाव लिहिलं,
झाकण घट्ट लावलं.