मुद्देमाल

करारात सतरा साग होते,
तोडले तेवीस.
पंचनाम्याला तलाठ्यानं खुंट दोनदा मोजले,
मी एकदाच.
मला सगळे पाठ होते.

ठेकेदार मुकीद म्हणतो, खूण चुन्याची होती,
पावसानं धुतली, मजुरांना काय कळणार.
वकील म्हणाले, गोलाई सांगा, सेंटिमीटरमध्ये.
मी कव घालून दाखवली.
कारकुनानं लिहिलं : वादी हात पसरतो.

किनवटच्या कोर्टामागं
जप्त ओंडके पडलेत आठ वर्षं.
पुकारा होईस्तोवर बसायला दुसरी जागा नाही.
मी बसतो. शेजारी भुजंगा तोडसाम,
कुऱ्हाड त्याचीच होती.
तंबाखू मळतो, निम्मी माझ्या हातावर.

आज विचारलं, तेविसावं कसं पडलं रे?
"मालक, लई वेळ उभंच होतं,
बुडातून तुटल्यावरबी.
आम्ही लांब सरून
बघत राहिलो."

हे जबानीत नाही.

बांधावरच्या खुंटांना धुमारे फुटलेत,
माझ्याहून हातभर उंच.
वकिलाला सांगितलं नाही.
ह्यांना आता कुणालाच
चुना लावू द्यायचा नाही.

पुढची तारीख चौदा, म्हणे.