उजवी रांग

डाव्या रांगेतल्या दहा वासरांच्या दुधात पूड,
उजव्या रांगेतल्या दहांना नुसतं दूध.
एवढंच तुमचं काम, हेल्वे, असं तानेल म्हणाला.
तार्तूच्या विद्यापीठातला पोरगा,
कोरे गमबूट, टाचेवर अजून किमतीची चिठ्ठी.

पोत्यात यीस्ट, आतड्यात वस्तीला जाणारे भले जंतू,
थोडं झिंक, चिमूटभर सेलेनियम.
"तुमच्या बेटाच्या मातीत ते कमीच आहे," तो म्हणाला,
आणि मी बादली खाली ठेवली.

कारण आमच्या गोठ्यात वासरं
उभी राहता राहता बसायची.
मेल्यावर कापलं की मांडीचं मांस
कोंबडीसारखं पांढरं.
आई म्हणायची, शेजारच्या साल्मेची नजर.
कुंपणापाशी उभी राहून बघते मेली.
चाळीस वर्षं आई तिच्याशी बोलली नाही,
मरतानासुद्धा खिडकीचा तो पडदा ओढून घ्यायला लावला.
आणि उत्तर या पोत्यात,
मापाच्या चमच्यासकट.

जानेवारीत सूर्य नऊला येतो, साडेतीनला जातो.
मधल्या वेळात मी वीस तोंडं पुसते,
गुरुवारी वीस छात्यांना फीत गुंडाळते,
आकडे वहीत.
पूड कोमट दुधात पडली की वास येतो
माझ्या काळ्या पावाच्या आंबवणाचा,
तेव्हा डावी रांग दुधाआधी मलाच चाटते.

उजवीकडे तिसऱ्या कप्प्यात मुस्तिक,
उणे चोवीसच्या रात्री जन्मलेली.
दोन घोट घेऊन तोंड फिरवायची.
शेपटीखाली पिवळं पाणी,
डोळे खोल,
कान गार. थर्मामीटर नंतर, आधी कान.

मीठ-साखरेचं पाणी चालेल, औषध चालेल,
तानेल फोनवर म्हणाला, पूड मात्र नको.
पूड दिली की आकडा मरतो.
मी विचारलं, आणि नाही दिली तर?
पलीकडे बराच वेळ
कुणीतरी पेन उघडत-मिटत होतं.

त्या रात्री मी चमचा भरला.
सपाट, मापात. चोरी करायची तर नीट.
अकरा दिवस.
बोटं तिच्या तोंडात, टाळ्याचे कंगोरे खरबरीत,
पहिल्यांदा ओढ लागली ती पाचव्या पहाटे,
इतकी की अंगठी निघाली हातातून.
(सापडली. कशी, ते विचारू नका.)

मार्चमध्ये तानेलनं पडद्यावर ठिपके दाखवले.
डावे वर, उजवे खाली,
आणि एक उजवा ठिपका भलत्याच उंचीवर.
"बघा ना! पुडीशिवाय!"
इतका खूश, की मला गप्प बसता आलं असतं.

सांगितलं.
त्यानं तारखा विचारल्या, चमचे विचारले,
लिहून घेतलं, रागावला नाही,
ते रागावण्यापेक्षा वाईट.
मग ओळीवर रेघ मारली.
उरले एकोणीस.
जाताना दारात थांबून म्हणाला,
तिला औषधही होतं, पाणीही होतं, तुम्हीही होता.
कशानं उठली, हे आता कुणालाच कळणार नाही.
खरंच आहे ते.
मला अजूनही रात्री ते टोचतं,
आणि सकाळी मुस्तिक माझी बाही चघळते.

रविवारी मी पहिल्यांदा कुंपण ओलांडलं.
साल्मे आता एक्क्याण्णवची, कानानं गेलेली.
पाव टेबलावर ठेवला, शेजारी बसले,
तिच्या कानाशी ओरडून सांगितलं,
तुमची नजर नव्हती, सेलेनियम होतं.
दोनदा सांगितलं. से-ले-नि-यम.
तिनं पावाचा वास घेतला,
पडदा ओढलेल्या आमच्या खिडकीकडे पाहिलं,
आणि विचारलं,
कोण? कुणाची मुलगी ही?