पाणी कुठून आलं

पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून
एवढं तरी मला कळायला हवं होतं,
मिसेस हेस्केथ यांची कॅराव्हॅन स्वतःसाठी घेण्याआधी.
"जराशी ओल आहे हो," त्या म्हणाल्या होत्या,
घरातल्या कुणाची सर्दी सांगावी तशी.

स्ट्रॉनच्या बंदरामागे, लाकूड-गिरणीच्या शेडमध्ये
मी गादी उचलली.
खालची फळी बोटानं दाबली, तर चहात बुडवलेलं बिस्किट.
कोपऱ्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा,
त्यात पाण्याच्या तीन पिवळट रेघा.
आणि फळीवर पेन्सिलनं:

१४ जून. वायव्य वारा. खिडकीची डावी कड. सात थेंब.
२ ऑगस्ट. नैर्ऋत्य. तीच कड. वाटीभर.
३ ऑगस्ट. पुन्हा भरली. आता बघू.

क्लाइव्ह हेस्केथ यांचं अक्षर. नऊ हिवाळे.
शेवटी शेवटी आकडे मोठे आणि वाकडे,
"आता बघू" मात्र दरवर्षी.

खिडकीला सिलिकॉनचे सहा थर होते,
पांढरा, करडा, पारदर्शक, मग पुन्हा पांढरा,
करवतलेल्या ओंडक्याच्या वलयांसारखे मोजता येणारे.
दोन दिवस खरवडले.
आतलं रबर निघालं धडधाकट,
नव्यासारखं.
खिडकीनं काहीच केलं नव्हतं.

मग छपराची झडप टेपनं बंद केली,
बेसिनच्या भोकात चिंध्या कोंबल्या,
पानं उडवायच्या पंख्याचं तोंड दारातून आत घातलं.
गाडीनं गाल फुगवले.
मी बाहेरून साबणाचं पाणी ब्रशनं फासत फिरले:
छपराची शिवण गप्प,
दिवे गप्प,
खिडकी तर गप्पच.
मागच्या कोपऱ्यात, वर, छत्रीच्या पट्टीपाशी
एक पितळी हूक,
आणि त्याच्या मुळाशी फेस,
दूध उतू जावं तसा.

हुकाला हिरवी तार अजून गुंडाळलेली.
ड्रॉवरमध्ये राहून गेलेल्या फोटोत
तिथे फ्युशियाची कुंडी लटकते आहे
आणि खाली खुर्चीत मिसेस हेस्केथ, पाय वर घेऊन,
खूश.

एक स्क्रू. तोही सरळ न गेलेला.
तिथून थेंब भिंतीत शिरायचा,
ॲल्युमिनियमच्या बरगडीवरून आठ फूट चालायचा
(गाडी नेहमी पुढे कललेली उभी करत असणार)
आणि खिडकीच्या डाव्या कडेला येऊन
क्लाइव्हच्या डोळ्यांदेखत पडायचा.

हूक काढला. भोक वाळवलं, बुजवलं,
ब्यूटाइलची पट्टी अंगठ्यानं रेटून बसवली.
कुजकी लाकडं काढून नवी घातली.
हीटर बारा दिवस चालला.
पेन्सिलची फळी तेवढी टाकवली नाही.

काल होबार्टहून त्यांचा फोन आला.
"गळती सापडली का गं? कुठून येत होतं?"

"खिडकीतून," मी म्हटलं. "डाव्या कडेनं."

बराच वेळ नुसतं दुसरीकडच्या टीव्हीचं बोलणं.
मग, "तो म्हणायचाच.
आणि मी त्याला हसायचे."

हूक खिशात आहे, किल्ल्यांशी वाजतो.
आज रात्री वायव्य वारा सांगितलाय.
उशी खिडकीशी घेतली आहे,
आता बघू.