हेरंब, फोटो मिळाले

टेकड्या छान आहेत तुझ्याकडच्या,
तव्यावर भाकरी अर्धवट फुगावी तशा.
आणि मधेमधे तळी,
बर्फ परत जाताना विसरून गेलेली, असं तू लिहितोस.
हजारो वर्षांपूर्वी त्याने रगडलेली खडी,
आणि तू तिच्यावरून चाळीस एमएमच्या टायरवर,
थर्मासमध्ये कॉफी घेऊन.

आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात.
डोंगर आगीचे.
थरावर थर ओतलेले, माथे सपाट,
जणू कुणी ताट ठेवायला जागा केली.
आणि तळी पाटबंधारे खात्याची:
भिंतीवर सन कोरलेला, जिन्याला कुलूप,
वॉचमनला तंबाखूची पुडी.

तरी मार्ग सांगते, विसरला असशील.
पहाटे साडेचारला निघायचं.
गिरणाऱ्यापर्यंत डांबर, ते मोजायचं नाही.
मार्केटात रिकामे क्रेट रचलेले असतात,
टोमॅटोचा हंगाम नाही, वास मात्र आहे.
धोंडेगावच्या पुढे खरी सुरुवात.
आधी मुरूम, तांबडा, मुठीत धरला तर भुगा होणारा.
मग खडी, जिच्यावर रोलर कधी फिरलाच नाही;
ठेकेदाराने पसरली, बिल काढलं, गेला.
तू म्हणायचास,
अर्धवट सोडलेल्या टेंडरसारखा रस्ता जगात नाही.
हवा कमीच ठेवते अजून. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस.
उतारावर ब्रेक दाबायचा नाही,
नुसता आठवत राहायचा.

आणि आता ते, जे तू पाहिलेलं नाहीस.

मे महिन्यात काश्यपीचं पाणी ओसरतं
आणि आतला रस्ता वर येतो.
बैलगाडीचा, दोन चाकोऱ्यांचा.
नकाशाला तो ठाऊक नाही.
घरी येऊन राइड उघडली की दिसतं
मी साडेतीन किलोमीटर पाण्यावरून चालले,
निळ्यात एक केशरी रेघ.
गाळाला भेगा, भेगांत शिंपले,
एक दगडी उखळ पालथं,
आणि बगळे, रस्ता त्यांचाच असल्यासारखे
शेवटच्या क्षणी बाजूला होणारे.

तिथेच बाभळीचा काटा लागला.
सीलंटचं पांढरं दूध गाळात ठिबकत राहिलं.
मथुराबाई बेंडकोळी जवळच खडकावर
जाळ्याची गाठ सोडवत बसली होती.
कुठं निघाली गं?
म्हटलं, कुठं नाही, रस्ता बघायला.
ती हसली.
यात काय बघायचं? याच्यावरून आले मी नांदायला.
पाऊस लागला का धरण घेतं, उन्हाळ्यात परत देतं,
वर गाळ देतं, व्याज.
बोलता बोलता उठली,
टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, आंबा दाबतात तसं,
आणि म्हणाली, पिकलंय.

मी प्लग ठोकला. तिने पंप धरला.
तिच्या टोपलीत सहा मासे होते, सातवा तिने सोडून दिला,
का ते मी विचारलं नाही.

मग रस्ता पाण्यात शिरतो तिथवर गेले,
पुढचं चाक भिजेपर्यंत.
चाकोऱ्या आत उतरत होत्या,
तेवढ्याच अंतरावर दोघी, न बिचकता,
पहिली हातभर, दुसरी हातभर,
मग हिरवं, मग काही नाही.
त्र्यंबकच्या बाजूने ऊन आलं नव्हतं अजून, ते मागून येत होतं,
आणि माझीच सावली
सायकलवर बसून पुढे तळात निघाली होती.

तुझ्या बर्फाला घाई नव्हती, हेरंब.
इथे मृगाला तीन आठवडे उरलेत.
यायचं तर आत्ता ये,
नाहीतर पुढच्या मेपर्यंत थांबावं लागेल.
आणि हो, मागचं टायर बदलायला झालंय.
तिकडे स्वस्त मिळतं का, कळव.