मेर

वेल्सला खेटून असलेल्या त्या पॅरिशमध्ये
असेन्शनच्या आदल्या सोमवारी
गावाची शीव चालतात.
पुढे व्हिकार, मागे सोललेल्या छड्या घेतलेली पोरं,
आणि सगळ्यांत शेवटी, गुडघा सांभाळत,
चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेल्या हेस्टर प्रोबर्टबाई.
खिशात वही. वहीत शब्द.

पहिल्या दगडाशी थांबले.
पूर्वी इथे एखाद्या पोराला उलटं धरत
आणि टाळू दगडावर आपटत – हलकेच, असं म्हणतात –
म्हणजे वकील मेला, नकाशा जळला,
तरी कुणाच्या तरी डोक्यात हद्द शिल्लक राहील.
आयव्हर ग्विलियमने टोपी काढून जागा दाखवली.
दिसलं काहीच नाही. टक्कल होतं.

'ह्याला मेरस्टोन म्हणत,' बाई म्हणाल्या.
'मेर म्हणजे हद्द.'
मेर! मराठी कान टवकारतात;
पण सोयरीक जुळवायची घाई नको.
दोन गावांत एका नावाची दोन माणसं असतात,
तेवढंच असेल.

लिमिट ही आधी पायवाट होती, बाई चालता चालता सांगत होत्या,
दोन शेतांच्या मधून जाणारी,
दोन्हीकडच्या पायांनी मळलेली.
एज म्हणजे धार, तलवारीची;
म्हणून तर कड्याशी उभं राहिलं
की तळवे हुळहुळतात.
फेन्स हे डिफेन्सचं मुंडकं उडालेलं धड.
आणि टाउन म्हणजे नुसतं कुंपण.
मग कुंपणातलं अंगण, मग घरं, मग चर्च, मग भांडणं.
'म्हणजे गावाआधी कुंपण?' टॅम्सिनने विचारलं.
बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं,
चांगल्या विद्यार्थिनीकडे पाहावं तसं.

रीस म्हणाला, उद्या माझ्या प्रोजेक्टची डेडलाइन आहे.
त्यालाही सांगितलं:
अमेरिकेतल्या यादवीत, कैद्यांच्या तळावर,
भिंतीच्या आत काही पावलांवर एक रेघ असे.
ती ओलांडली की पहारेकरी विचारत नसे.
रीस पुढची तीन शेतं गप्प चालला.

मग ओढा.
नकाशात हद्द ओढ्याच्या मधोमध आहे,
पण बारा वर्षांपूर्वीच्या पुरात ओढाच सरकला,
आणि ग्विलियमचा पाऊण एकर
एका रात्रीत प्रोबर्टबाईंच्या काठाला लागला.
तेव्हापासून दोघं बोलतात ते वकिलांमार्फत.

बाईंनी वही उघडली.
रायव्हल.
एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे,
ह्या काठावरचा आणि त्या काठावरचा.
खाली दोनदा अधोरेखित.
'पुढचा शब्द?' टॅम्सिन.
'भिजला,' बाई म्हणाल्या, आणि वही मिटली.

फळी वाहून गेलेली.
ग्विलियम बुटांसकट पाण्यात उतरलाच होता.
वळून न बघता त्याने काठी मागे केली.
बाईंनी क्षणभर काठीकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे,
मग तिचं टोक धरलं.
कुणी काही बोललं नाही.
जूनमधली तारीख काही टळली नाही.

पोरांना मात्र पेच पडला:
दगडाला छडी मारायची ते ठीक,
इथे मारायची कुठे?
रीसने मधोमध उभं राहून
पाण्यालाच सपकन् मारली.
वळ उठला,
आणि वाहत खाली गेला,
दुसऱ्या पॅरिशमध्ये.

व्हिकारने घड्याळ पाहिलं.
अजून चार दगड बाकी होते.