हजेरीपटाची मागची पाने

चोडणच्या धक्क्यावर, फेरीची वाट बघत,
मी पुढच्या पन्नास वर्षांची भाकिते लिहिते आहे.
वही जुनी: आठवी ब, सन एक्याण्णवचा हजेरीपट.
पुढून मुले गैरहजर, मागून भविष्य.
एकतीस वर्षे मी संभाव्यता शिकवली.
नाणे उडवले की छापा किंवा काटा;
एकदा ते बाबल्याच्या खिशात पडले
आणि तिसरी शक्यता वर्गाला तिथे कळली.
तोच बाबलो आज पंच आहे.

त्या साली लिहिले होते: दोन हजारपर्यंत पूल.
बाजूला लाल शाईत माझाच शेरा,
उदाहरण पुन्हा सोडवा.

तर, नव्याने.

रुझार पदेराचा नातू पाव ड्रोनने पाठवील.
भोंगा वाजेल तो आजोबांचाच, रेकॉर्ड केलेला.
सायकलीमागे धावणारी कुत्री
आता माना वर करून धावतील,
पहिल्या आठवड्यात दोन तळ्यात पडतील.

जमिनीचे खटले मशीन निकालात काढील.
शेवंतीबाईंचा फणस, त्याला त्रेचाळीस वारस,
लिस्बनला अकरा, नैरोबीत सहा,
एक स्विंडनला टॅक्सी चालवतो:
तीन सेकंदांत निकाल.
चौथ्या सेकंदाला अपील.
फणस तोवर माकडे खातील,
कब्जा आजही त्यांचाच आहे.

यंत्रे कोकणी बोलतील, सुरेख, नाकातल्या स्वरांसकट.
मग आपण भांडू, ती विचार कोणत्या लिपीत करतात यावर.
एक मोर्चा नागरीचा, एक रोमीचा.
मी दोन्हीकडे पाणी वाटीन;
मी भांडते कोकणीत, लिहिते मराठीत,
आणि तीनाचा पाढा मला अजून
पोर्तुगीज मास्तरणीच्या सुरातच येतो.

आमदार पक्ष बदलणे बंद करतील.
हसू नका, पुढे वाचा.
पक्षच सकाळी आमदाराकडे येतील,
दुपारी जेवून निघतील, संध्याकाळी दुसरे.
तो जागच्या जागी, खुर्चीला टेकलेला, निष्ठावान.

नदीतले कॅसिनो हटतील असे मी लिहिलेले नाही.
मी गणित शिकवत होते.

रोबो येतील, कामसू, चकचकीत.
पहिल्या उन्हाळ्यात दुपारी दोनलाही दुकान उघडे ठेवतील,
समोर अख्खा वाडो झोपलेला.
शिकण्यासाठीच बनवलेत, शिकतील.
दुसऱ्या उन्हाळ्यात एक ते चार शटर खाली,
आतून बारीक घरघर.
चार्जिंग, म्हणतील.

वीज केव्हा जाईल ते खाते मिनिटावर सांगील.
निरोप वीज आल्यावर मिळेल.

साल एकसष्ट. बेटावरचे शेवटचे जुने कुटुंब
आपल्याच घरात पर्यटक म्हणून दोन रात्री राहील.
बाल्कांवात वारा छान, लिहितील,
पण मालक फोन उचलत नाहीत. दोन तारे.

इथे पेन्सिलीचे टोक मोडले.
धार काढली. पुढे.

"आणि तुझे काय गे?" विचारते कावेरी, माझी भाची,
जिचा फोन तिला उद्याची झोप आजच सांगतो.
माझे? गुडघा नवा मिळेल, पासवर्डवाला.
पासवर्ड मी विसरेन, नेमका धक्क्याच्या पायरीवर,
एक पाय वर, एक खाली,
आणि आग्नेल खलाशी हात देईल
परवा दिला तसाच.
तेव्हा त्याचे वय किती, हे उदाहरण गाळावे.

शेवटचे, सोपे: पाच मिनिटांत फेरी लागेल.
हे काही भाकीत नव्हे, ती दिसतेच आहे,
पुढचा फळा अर्धा खाली सोडून, पाणी कापत.
वही मिटली. पिशवीत ठेवली.
नदीच्या मध्यावर ती थबकली,
सावकाश वळली.
पलीकडे कुणीतरी स्कूटरवरून हात केला होता.

पेन्सिल कुठे ठेवली मी?